गाडीवरचं सोवळं

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी गावजेवण घालणारं मंडळ आणि स्टेशनबाहेर हातगाडीवर भेळ विकणारा माणूस, या दोघांना एका पंगतीला बसवायचं कुठल्या धर्मशास्त्राला सुचलं नसतं. ते एका सरकारी नियमावलीने करून टाकलं. ५ ऑगस्ट २०११पासून लागू झालेल्या अन्नसुरक्षेच्या परवाना-नोंदणी नियमांत ‘छोटा अन्न उत्पादक’ कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. स्वतः पदार्थ करून विकणारा, किरकोळ विक्रेता, फेरीवाला, फिरता विक्रेता, तात्पुरता ठेला लावणारा हे सगळे तिच्यात येतात. आणि लगेच पुढच्या उपकलमात धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाराही येतो. केटरर तेवढा वगळला आहे. २०११मध्ये उलाढालीची मर्यादा वर्षाला १२ लाख आणि नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये होती. पाणी पिण्यायोग्य हवं, अन्न झाकलेलं हवं, संसर्गजन्य आजार असलेल्याने अन्नाला हात लावायचा नाही. या मूळ नियमांनी प्रसादाची बुंदी आणि गाडीवरची शेव यांत फरक केलेला नाही.

नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात अद्वैत नव्हतं, कारभाराची सोय होती. तरीही त्या दोन उपकलमांनी एक फार जुना वाद पुन्हा उघडला. अन्न अशुद्ध होतं म्हणजे नेमकं काय होतं? आणि ते झालं आहे हे कोणी, कशावरून सांगायचं?

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात आहाराची शुद्धी आणि मनाची शुद्धी यांचा संबंध जोडलेला आहे. शंकराचार्यांनी तिथे आहार म्हणजे इंद्रियं जे जे आत घेतात ते सगळं, असा अर्थ केला. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलंही आहारच. रामानुजाचार्यांनी मात्र थेट ताटाकडे पाहिलं. अन्नाला तीन वाटांनी दोष लागतो, असं त्यांचं म्हणणं. पहिला जातिदोष, म्हणजे पदार्थाच्या स्वतःच्या स्वभावातला. लसूण-कांदा यात येतो. दुसरा आश्रयदोष, म्हणजे अन्न ज्याच्याकडून आलं त्याच्यामुळे लागलेला. तिसरा निमित्तदोष: केस पडला, किडा निघाला, धूळ बसली, कोणी उष्टं केलं.

विवेकानंदांनी हे तीन दोष आपल्या व्याख्यानांत आणि लेखांत पुन्हा पुन्हा मांडले, आणि त्यांची तक्रारही स्पष्ट होती. समाजाने मधल्या दोषाला कवटाळलं आणि धर्म शिवाशिवीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडकवून ठेवला, असं ते म्हणत. त्यांच्या ‘प्राच्य ओ पाश्चात्त्य’ या बंगाली लेखात तळलेल्या पदार्थांवर आणि हलवायाच्या दुकानावर त्यांनी असे कोरडे ओढले आहेत की आजचा अन्न सुरक्षा अधिकारीही अहवालात तितकं कडक लिहायला कचरेल.

आजच्या कायद्यापाशी हे तीन दोष नेऊन ठेवले तर गंमत दिसते. जातिदोषाची व्यवस्था पाकिटावरच्या खुणेने लावली आहे: शाकाहारी असेल तर हिरवी, नसेल तर तपकिरी. कायदा इथे निवाडा देत नाही. काय आहे तेवढं सांगतो आणि खायचं की नाही ते खाणाऱ्यावर सोडतो. निमित्तदोषासाठी अख्खं खातं उभं केलं आहे. त्यात अधिकारी आहेत, प्रयोगशाळा आहेत, दंड आहेत. आश्रयदोषाला मात्र कायद्यात जागाच नाही. विकणाऱ्याची जात, धर्म, प्रांत यांनी अन्नाला काहीही होत नाही, हे २००६चा अन्नसुरक्षा कायदा कुठेही घोषणा न करता गृहीत धरतो. भारतातल्या फार थोड्या कायद्यांनी इतकी मोठी धार्मिक भूमिका इतक्या गुपचूप घेतली असेल.

ती भूमिका घ्यायला किती काळ लागला, हे पुण्याला विचारावं. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं आणि नंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. मंडळी साधीसुधी नव्हती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा प्यायले, कोणी कप नुसता हातात धरला. पुढे गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. शंकराचार्यांच्या पीठाकडून चौकशी नेमली गेली, साक्षी झाल्या, प्रायश्चित्तांवर खल झाला. या सगळ्या चौकशीचा विषय चहा होता, पण चहाबद्दल कोणी काही विचारलं नाही. पाणी कुठलं, दूध ताजं होतं का, कप कशाने धुतले, यातलं काही कोणाला नको होतं. आजचा तपासनीस त्या दिवशी तिथे असता तर तो बिस्किटांकडे वळला असता. खळखळून उकळलेला चहा हा रस्त्यावरच्या खाण्यापिण्यातला सर्वांत निर्धोक पदार्थ असतो. पण चौकशीला हवा होता तो हात, आणि तो हात पाद्र्याच्या घरचा होता, इतकं पुरेसं ठरलं.

महाडचं उदाहरण याहून जड आहे. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, आणि त्यानंतर शुद्धी. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढलं आणि दूध, दही, शेण, गोमूत्र घातलेल्या घागरी मंत्र म्हणून आत रित्या केल्या. तळं शुद्ध झाल्याचं जाहीर झालं. त्या पाण्याचा एक नमुना आधी आणि एक नंतर घेतला असता तर प्रयोगशाळेने काय लिहिलं असतं, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. आश्रयदोष घालवण्यासाठी निमित्तदोष घागरीने ओतला गेला, आणि ओतणाऱ्यांना त्यात विसंगती दिसली नाही.

‘सोवळं म्हणजे पूर्वजांचं जंतुशास्त्र’ असं सांगणारी मंडळी प्रत्येक गावात असतात. त्यांच्या म्हणण्यात थोडा दाणा आहे, तो नाकारू नये. उष्टं-खरकटं वेगळं ठेवणं, रांधताना पळी तोंडाला न लावणं, बाहेरून आल्यावर हातपाय धुणं या सवयींनी पोटाचे आजार कमी झाले असणारच. पण सोवळ्याची खरी परीक्षा तिथे नव्हतीच. अंघोळ करून, धुतलेलं नेसून आलेला ‘अस्पृश्य’ माणूस त्या नियमांत शुद्ध ठरत नव्हता, आणि अंगाला घामाचा वास येणारा आचारी रेशमी कद नेसला की ठरत होता. ज्या शास्त्रात धुतल्याने काही फरक पडत नाही ते जंतुशास्त्र नव्हे.

धर्माला हे ठाऊकच नव्हतं, असं म्हणणंही खरं नाही. पुरीच्या जगन्नाथाचा महाप्रसाद आनंदबाजारात शेजारी बसून, जात न विचारता खाल्ला जातो. तिथे आश्रयदोष लागत नाही, अशी श्रद्धा आहे. पंढरीच्या वारीची सांगता ज्या गोपाळकाल्याने होते, त्या काल्याचा सगळा अर्थच एकमेकांचं अन्न एकमेकांत मिसळण्यात आहे. देवाच्या दारात जमणारी ही गोष्ट घराच्या दारात जमेना, एवढीच अडचण. आणि हातगाडीने ती जमवून दाखवली. बटाटेवडा पावात घालून देणाऱ्याला कोणी कधी गोत्र विचारलं नाही. मुंबईच्या गिरणगावात, पुण्याच्या मंडईत, नागपूरच्या इतवारीत रस्त्यावरच्या खाण्याने जे साधलं ते कीर्तनांनी साधलं नाही, असं म्हटलं तर कीर्तनकार रागावतील. पण गाडीसमोर उभ्याने खाणाऱ्यांची गर्दी पाहावी आणि मग त्याच माणसांच्या घरच्या पंगतींची यादी पाहावी.

मात्र आश्रयदोष गेला असं समजणं घाईचं ठरतं. तो वेष पालटून परततो. जुलै २०२४मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खानावळी आणि ठेल्यांनी मालकांची नावं ठळक लावावीत, असा हुकूम निघाला. मुजफ्फरनगरच्या पोलिसांपासून सुरुवात झाली, मग राज्यभर, शेजारच्या उत्तराखंडातही. कारण सांगितलं गेलं ते यात्रेकरूंच्या भावनांचं आणि शांततेचं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली: कोणत्या प्रकारचं अन्न मिळतं ते लिहायला सांगता येईल, मालकाचं नाव लावायची सक्ती करता येणार नाही. त्या सुनावणीत न्यायमूर्ती एस. व्ही. एन. भट्टी यांनी केरळातला आपला अनुभव सांगितला. तिथे दोन शाकाहारी हॉटेलं होती, एक हिंदू मालकाचं आणि एक मुस्लिम मालकाचं. ते स्वतः दुसऱ्या हॉटेलात जात. त्या मालकाने दुबईहून परत येऊन स्वच्छतेचा आंतरराष्ट्रीय दर्जा राखला होता. रामानुजांच्या भाषेत सांगायचं तर न्यायमूर्तींनी निमित्तदोष तपासला आणि आश्रयदोष सोडून दिला, तेही जातिदोषाचा म्हणजे शाकाहाराचा नियम पाळून. भाष्यकारांनाही हे उदाहरण सोयीचं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी प्रश्न नव्या रूपात आला. या वेळी मालकाची ओळख सांगणारा क्यूआर कोड लावायचा होता. यात्रा संपता संपता न्यायालयाने त्या वादात न शिरता एवढंच सांगितलं की कायद्याने लावायलाच हवीत ती परवान्याची आणि नोंदणीची प्रमाणपत्रं दुकानदारांनी लावावीत. इथे प्रकरण खरोखर अवघड होतं, कारण नोंदणीच्या प्रमाणपत्रावर नाव असतंच. असायलाही हवं. विषबाधा झाली तर जबाबदार कोणाला धरायचं? म्हणजे भिंतीवरचा कागद तोच, त्यावरचं नाव तेच, आणि ते दोन माणसं दोन कारणांनी वाचतात. एकाला चुकीचा जाब कोणाला विचारायचा ते जाणून घ्यायचं असतं. दुसऱ्याला चूक घडायच्या आधीच ती कोणाची आहे ते ठरवायचं असतं. कायदा पहिल्याला कागद दाखवल्याशिवाय राहू शकत नाही आणि दुसऱ्याचे डोळे झाकू शकत नाही.

हे फक्त उत्तरेतच घडतं, असं समजायचं कारण नाही. २०११मध्ये ठाण्यात एका पाणीपुरीवाल्याचं अत्यंत किळसवाणं कृत्य कॅमेऱ्यात पकडलं गेलं. संताप योग्य होता. पण पुढच्या दिवसांत तो संताप त्याच्यापुरता राहिला नाही. दुसऱ्या पाणीपुरीवाल्यांच्या गाड्या उलथवल्या गेल्या, आणि ‘परप्रांतीय’ हा शब्द ‘अस्वच्छ’ या शब्दाच्या जागी वापरला जाऊ लागला. एकाच्या हाताचा दोष एका प्रांताच्या रक्ताचा दोष झाला. फोडलेल्या गाड्यांपैकी एकीच्याही पाण्याचा नमुना कोणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

नमुना घेणं हीच खरं तर या विषयातली सर्वांत विचार करण्याजोगी कृती आहे. न्यायदर्शनात ज्ञानाच्या वाटेवरचे जे सोळा पदार्थ मोजले आहेत, त्यांत तिसरा संशय आहे आणि पुढे निर्णयही आहे. संशय तिथे पाप नाही. चौकशीची ती सुरुवात आहे. पण त्याच यादीत वितंडाही आहे, म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याला पाडण्यासाठी घातलेला वाद. गाडीवर मोबाइल रोखून ‘बघा बघा काय खाता तुम्ही’ म्हणणारा व्हिडिओ बहुतेक वेळा वितंडा असतो. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची कृती, नीट केली तर, संशयापासून निर्णयापर्यंतची असते. तो नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो आणि सील करतो. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि चौथा, विक्रेत्याने मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा. त्यावर अपील करता येतं. आणि घेतलेल्या नमुन्याची बाजारभावाने किंमत विक्रेत्याला द्यायची. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या शेवपुरीचे पैसे चुकते करायचे, हा नियम कोणी केला त्याला नीतिशास्त्र कळत होतं. प्रत्यक्षात ते पैसे किती वेळा दिले जातात, आणि अधिकारी गाडीवर येऊन फुकट काय काय खाऊन जातात, याबद्दल गाडीवाल्यांचं मत वेगळं असू शकेल.

या पद्धतीतून काय निघतं तेही पाहण्यासारखं आहे. २०२४मध्ये कर्नाटकाच्या अन्नसुरक्षा खात्याने पाणीपुरीचे सुमारे २६० नमुने तपासले. त्यांतले ४१ असुरक्षित निघाले, आणि कारण होतं कृत्रिम रंग. त्याआधी मार्चमध्ये त्याच राज्याने गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांतल्या अशा रंगांवर बंदी घातली होती. कपडे रंगवायला वापरतात तो ऱ्होडामाइन-बी त्यांत सापडला होता. महाराष्ट्रात २०१८ साली खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळा रंगवण्याची सक्ती झाली, कारण मासे थंड ठेवायचा बर्फ उसाच्या रसात आणि गोळ्यात जात होता. वर्तमानपत्राच्या कागदात वडा बांधून द्यायला त्याच वर्षीच्या पॅकेजिंग नियमांनी मनाई केली. छपाईच्या शाईतली द्रव्यं तेलात उतरतात. (कागदावर देवाचा फोटो असेल तर वडा त्यावर ठेवू नका, असं गाडीवाल्याला बजावणारी माणसं शाईबद्दल कधी बोलताना दिसत नाहीत.) यातला एकही दोष विकणाऱ्याच्या आडनावावरून ओळखता आला नसता. रंग, बर्फ, कागद हे सगळे गाडीपर्यंत पोचतात ते घाऊक बाजारातून, आणि तो पुरवणारा बहुतेक वेळा पक्क्या दुकानात बसलेला असतो.

तरीही नमुन्याची एक मर्यादा आहे. १४ दिवसांनी अहवाल येतो तेव्हा त्या मडक्यातलं पाणी कधीच लोकांच्या पोटात गेलेलं असतं. तपासलं ते पाणी आता नाही, आणि जे आहे ते तपासलेलं नाही. म्हणून चांगला अधिकारी नमुन्यापेक्षा सवयींकडे पाहतो: पाणी कशातून काढतो, फडकं एकच आहे का, पैसे कोण घेतं, उरलेल्या चटणीचं रात्री काय होतं. अन्नाची तपासणी म्हणून जे चालतं ते प्रत्यक्षात एका माणसाच्या शिस्तीची तपासणी असतं, आणि शिस्तीचा नमुना सील करता येत नाही. इथे पुन्हा माणसावर येऊन थांबावं लागतं. फक्त आता पाहायचा तो त्याचा जन्म नाही, त्याचं वागणं आहे. आश्रयदोषाला काही सभ्य अर्थ उरला असेल तर तो इथेच.

गाडीवर संशय घेणारा माणूस प्रसादावर घेत नाही, हे आणखी एक कोडं. फेब्रुवारी २०२४मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात एका धार्मिक कार्यक्रमातल्या महाप्रसादानंतर दोन हजारांच्या आसपास लोकांना विषबाधा झाल्याच्या बातम्या आल्या. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी हरिनाम सप्ताहात एकादशीची भगर आणि आमटी खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. दवाखान्यात जागा नव्हती म्हणून बाहेर दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या गेल्या. भगरीला बुरशी लागते आणि त्या बुरशीचं विष शिजवून जात नाही. नवरात्र किंवा महाशिवरात्र आली की अन्न व औषध प्रशासन दरवर्षी सांगतं: सुटी भगर घेऊ नका, जुनी वापरू नका, पीठ तयार आणू नका. इशारा ऐकायला जातो कोण? प्रसादाकडे संशयाने पाहणं ही अश्रद्धा वाटते. शिजवणाऱ्यांनी उपास केलेला असतो, भांड्यांना हळदकुंकू लागलेलं असतं, वाटणारे अनवाणी असतात. एवढं पावित्र्य असताना पाणी कुठून आणलं हे विचारणं औचित्याला सोडून वाटतं.

मात्र गाडगेबाबांना ते तसं वाटलं नसतं. गावात आले की ते आधी झाडू घेत, गटार काढत, आणि मग संध्याकाळी कीर्तन करत. देवळाच्या दारात घाण असताना आतल्या देवाबद्दल बोलायची त्यांना घाई नसे. महाराष्ट्रात स्वच्छतेचा धर्म आणि शिवाशिवीचा धर्म यांची फारकत त्यांच्याइतकी स्वच्छ दुसऱ्या कोणी करून दाखवली नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देवस्थानांसाठी ‘भोग’ नावाची योजना काढली, देवळांच्या स्वयंपाकघरांची तपासणी आणि प्रमाणन करण्यासाठी. ती बाबांच्या वाटेवरची आहे, फक्त नाव इंग्रजी आद्याक्षरांतून जुळवलेलं आहे. मोठ्या देवस्थानांना ती झेपते. गावच्या सप्ताहाला, जिथे कढई एका घरची आणि आचारी शेजारच्या गावचा, तिथे ती अजून पोचायची आहे.

आणि आता हातमोजे. कोविडनंतर गाडीवाल्यांच्या हातात प्लॅस्टिकचे मोजे आले, गिऱ्हाईक खूश झालं. तोच मोजा नोट घेतो, घाम पुसतो, मोबाइल उचलतो आणि पुरीला भोक पाडतो. उघडा हात चिकट झाला की माणूस तो धुतो. मोज्यातल्या हाताला चिकटपणा जाणवतच नाही, म्हणून मोजा दिवसभर चालतो. मोजा घातला की माणूस शुद्ध झाला, ही समजूत आणि कद नेसला की शुद्ध झाला, ही समजूत यांत फरक फार थोडा आहे. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक फ्लेक्सवर छापून गाडीवरच्या गणपतीशेजारी लावतात, त्यालाही हळूहळू तीच कळा येते. नियम पाळल्याचं चिन्ह मिळालं की नियम पाळायची निकड संपते. सोवळं असंच तयार झालं असेल, एखाद्या शहाण्या सवयीपासून, आणि पुढे सवय गळून चिन्ह उरलं असेल. तपासणीवाल्यांनी या धोक्यापासून स्वतःला सुरक्षित समजू नये.

धुण्यावर येऊन सगळं थांबतं, कारण हात धुवायला पाणी लागतं. नियमांत लिहिलं आहे की गाडीचा पृष्ठभाग जमिनीपासून ६० ते ७० सेंटिमीटर उंच हवा, आजूबाजूला उघडं गटार नको, कचऱ्याचा डबा झाकणाचा हवा. आपल्या शहरांत फूटपाथ म्हणजे बहुतेक ठिकाणी गटाराचं झाकणच. गाडीवाला पाणी आणतो ते ओळखीच्या हॉटेलातून, इमारतीच्या वॉचमनला दहा-वीस रुपये देऊन, नाहीतर सार्वजनिक शौचालयाच्या नळावरून, ड्रममध्ये, आणि ते रात्रीपर्यंत पुरवतो. बशी धुवायची बादली त्याच हिशोबात बसवलेली असते. त्यात पालिकेची गाडी केव्हा येईल याचा नेम नाही. ती आली की भांडी, स्टोव्ह, परात सगळं उचलून जातं, कारण अन्नसुरक्षेची नोंदणी जागेचा हक्क देत नाही. एका खात्याला तो नोंदणीकृत व्यावसायिक आणि दुसऱ्याला अतिक्रमण. उद्या इथे उभं राहता येईल की नाही हे माहीत नसलेला माणूस स्टीलचा ओटा आणि तोटीची टाकी कशाला करील?

जिथे जागा पक्की झाली तिथे चित्र बदललेलं दिसतं. अहमदाबादच्या कांकरिया तलावाला २०१८मध्ये देशातलं पहिलं ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’ म्हणून मान्यता मिळाली. तिथले विक्रेते इतरांहून जन्माने स्वच्छ नव्हते. तिथे ठरलेले गाळे होते, प्रशिक्षण झालं, तपासणी झाली, त्रुटी दाखवून सुधारायला वेळ दिला गेला. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत फेरीवाला क्षेत्रं अजून कागदावर किंवा कोर्टात आहेत. फेरीवाल्यांच्या २०१४च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत. तोच कायदा विक्री क्षेत्रात स्वच्छता राखणं हे विक्रेत्याचं कर्तव्य म्हणतो, आणि तिथल्या नागरी सुविधांचा देखभाल आकार त्याच्याकडून वेळोवेळी घ्यावा असंही सांगतो. त्या सुविधांत नळ येतो. तेव्हा बादलीतल्या गढूळ पाण्याबद्दल गाडीवाल्याला नोटीस लिहिणाऱ्याने एक प्रत वॉर्ड ऑफिसलाही लावायला हवी: या रस्त्यावर नळ केव्हा बसणार, आणि तोवर हा दोष कोणाच्या नावावर लिहायचा?